‘कौटुंबिक अडचणीमुळे’

महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहाबाहेर चार मराठी नोकरदार जमले की पाव तासाच्या आत साखर निघते. चहातली नव्हे, रक्तातली. एकाची उपाशीपोटी किती, दुसऱ्याची जेवणानंतर किती, तिसऱ्याने कोणती गोळी सोडून कोणती धरली, हे सर्व आकड्यांसह आणि काहीशा अभिमानाने सांगितले जाते. रक्तदाबाचेही तेच. हृदयात स्टेंट बसवून आलेल्या गृहस्थास तर अशा बैठकीत न मागता अध्यक्षस्थान मिळते. आम्ही नोकरीनिमित्त तीन प्रांतांत अशा बैठकी पाहिल्या. परंतु ‘मला चिंताविकार आहे व त्यावर माझे औषध चालू आहे’ हे साधे वाक्य आमच्या कानी अद्याप एकाही बैठकीत पडलेले नाही.

हा विकार मराठी माणसास होतच नाही, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी कोणत्याही केंद्रीय कचेरीच्या आस्थापना शाखेत आठवडाभर बसून अर्ज वाचावेत. आम्ही ते पोटासाठी वाचतो. ‘कौटुंबिक अडचणीमुळे माझी बदली रद्द व्हावी.’ ‘कौटुंबिक अडचणीमुळे पदोन्नती स्वीकारणे शक्य नाही.’ ‘कौटुंबिक अडचणीमुळे प्रशिक्षणाच्या यादीतून नाव वगळावे.’ ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत त्यांची अडचण खरी असते व तिची थट्टा आम्ही करणार नाही. पण याच दोन शब्दांच्या आड असेही लोक उभे असतात की ज्यांच्या कुटुंबात सारे क्षेम असते. अडचण त्यांच्या छातीत असते. पदोन्नती नाकारली की वर्षभर तिचा नवा प्रस्ताव मिळत नाही व तेवढ्यात मागचे लोक पुढे निघून जातात, हा नियम ते आमच्याहून चांगला जाणतात. तरीही नाकारतात. कारण नव्या पदावर दर सोमवारी बैठकीत उभे राहून बोलावे लागणार असते, किंवा नव्या गावी विमानाने जावे लागणार असते, आणि त्या नुसत्या कल्पनेने त्यांची झोप महिनाभर आधीच उडालेली असते. ज्या कारणासाठी माणूस हक्काची बढती सोडतो ते कारण त्यास कागदावर लिहिता येत नाही, ही आमच्या मते लाजिरवाणी गोष्ट आहे. आणि ती लाज त्या माणसाची नाही, आम्हां सर्वांची आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. परंतु पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, तामिळनाडू ही आमच्या वाचकांच्या नेमणुकीची राज्ये होती. तेथील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त आढळले. चिंता, नैराश्य यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या बाबतीत शंभरांतील ८५ रुग्ण उपचारावाचून होते. शंभर मधुमेह्यांपैकी ८५ जण औषधावाचून हिंडत आहेत असे कळते तर आमच्या मंडळांनी एव्हाना शिबिरे भरवून सभागृहे दणाणून सोडली असती.

आम्हांस नवल याचे वाटते की ज्या भाषेला या दुखण्याची इतकी बारीक ओळख आहे तिच्याच लेकरांनी ते लपवावे. पोटात गोळा उठणे, काळजात धस्स होणे, जीव कासावीस होणे, हातापायांतले त्राण जाणे, तोंडचे पाणी पळणे, घशाला कोरड पडणे. वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथातील लक्षणांची यादी यापुढे फारशी जात नाही. भीती आणि धास्ती यांतला भेद पाहा. भीतीला समोर काहीतरी लागते, वाघ लागतो, साहेब लागतो; धास्ती नुसतीच घेता येते. हुरहूर, घालमेल, धाकधूक यांच्या छटा वेगळ्या आणि त्या कोणत्याही मराठी बाईस विचारल्या तर ती त्या अचूक सांगेल. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण ज्या पूर्वजाने केली त्याने तर या विकाराचे सारे मर्मच सहा शब्दांत बांधले. गोविंदाग्रजांनी ‘चिंतातुर जंतु’ ही कविता लिहिली आणि आम्ही त्या शीर्षकाची शिवी करून टाकली. तेव्हापासून काळजीने पोखरलेल्या माणसास हाक मारावयास एक तयार टोपणनाव आम्हांस मिळाले आहे.

इतके शब्द पदरी असता परप्रांतातील डॉक्टरापुढे बसल्यावर आमचा माणूस काय सांगतो? ‘गॅस होता है.’ फार तर ‘टेन्शन है.’ टिपणी लिहिण्यापुरते इंग्रजी आणि भाजी घेण्यापुरते हिंदी यांवर आमचा संसार उत्तम चालतो, पण धास्ती त्यांत मावत नाही. जे दुखणे मुळात शब्दांनीच ओळखावयाचे, ज्यास रक्ताच्या चाचणीत आकडा नाही, ते परभाषेत सांगताना निम्मे गळून जाते. डॉक्टर आम्लपित्ताची गोळी देतो, आणि त्याचाही त्यांत दोष नसतो. बदलीच्या गावी शेजारी नवे, भाषा नवी, घरातली वडील माणसे हजार मैलांवर. ज्यास रात्री दोन वाजता उठवून ‘जीव घाबरा होतो आहे’ असे म्हणावे असा मनुष्य जवळ नसतो. घरी बायको असते, पण तिला सांगायचे नाही, तिला उगाच काळजी, असे ठरलेले असते. ती बिचारी शेजारच्या खोलीत जागीच असते.

वाचकांस ठाऊक असलेल्या काळजीत आणि या विकारात फरक कोठे, हे सांगितले पाहिजे. नाहीतर आजकाल साध्यासुध्या काळजीलाही आजाराचे नाव देण्याची फॅशन निघाली आहे, असा आक्षेप येईल, आणि तो काही अंशी रास्तही आहे. मुलाच्या दहावीच्या निकालाची काळजी हा आजार नव्हे. निकाल लागला की ती जाते. पण सहा महिने, बहुतेक दिवस, एका गोष्टीवरून दुसरीवर उडी घेत काळजी चालूच राहते, आवरू म्हटल्यास आवरत नाही, तिच्यापायी झोप मोडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते, फाइलवरील ओळ चारदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, अशी स्थिती झाली म्हणजे डॉक्टर तिला सार्वत्रिक चिंताविकार म्हणतात. त्याचीच सख्खी भावंडे निराळी आहेत: चारचौघांत बोलण्याची, खाण्याची, सही करण्याचीसुद्धा धास्ती, उंची, बंद जागा, इंजेक्शन यांचा भयगंड, आणि अवचित येणारे ते झटके, ज्यांस पॅनिक अटॅक म्हणतात.

या झटक्याने आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची जी गत केली ती सांगण्यासारखी आहे. एके सकाळी कचेरीच्या लिफ्टमध्ये त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, घाम फुटला आणि आपण आता मरणार अशी खात्री झाली. दहा मिनिटांत सारे ओसरू लागले. रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला. तो स्वच्छ होता. अशा प्रसंगी, विशेषतः पहिल्या खेपेस, हृदय तपासून घेतलेच पाहिजे. थायरॉइडची वाढ, रक्तक्षय, चहाकॉफीचा अतिरेक यांनीही अशीच धडधड होते, तेव्हा तेही पाहिले पाहिजे. आमच्या स्नेह्यांनी ते पाहिले, एकदा नव्हे, निरनिराळ्या तीन डॉक्टरांकडे. प्रत्येकाने ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून त्यांस परत पाठवले. हे वाक्य आम्हांस अपुरे वाटते. काही झाले नसेल तर मनुष्य मरणाच्या दारातून येतो कसा? झालेले असते ते असे: शरीरात धोक्याची जी घंटा आहे ती वाघ नसता वाजते. ॲड्रेनलिन सुटते, हृदय धावते, श्वास भराभर चालतो, त्यामुळे रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि बोटांस मुंग्या येतात, डोके हलके होते. मुंग्या आल्या म्हणून मनुष्य आणखी घाबरतो, की घंटा आणखी जोराने. यांत कल्पित असे काहीच नाही. वाघ तेवढा कल्पित.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांनी लिफ्ट सोडली. सहा मजले पायी चढू लागले आणि कचेरीत व्यायामाची आवड असलेला मनुष्य म्हणून त्यांचे कौतुक होऊ लागले. मग गर्दीची बस सोडली, मग नाटकाला जाणे, मग बैठका. प्रत्येक वेळी टाळले की तत्काळ हायसे वाटे, आणि ते हायसे वाटणेच भयास खतपाणी घाली. कारण टाळल्यामुळे आपण वाचलो, असा धडा मन शिकत असते. आपण गेलो असतो तरीही वाचलो असतो, हे शिकण्याची संधीच त्यास मिळत नाही. अशा रीतीने दोन वर्षांत त्यांचे जग घर आणि कचेरीचे टेबल एवढे उरले. तेव्हा पदोन्नतीचा आदेश आला, आणि त्याचे उत्तर कोणत्या दोन शब्दांनी सुरू झाले ते सांगावयास नको.

या सर्व काळात नातलगांनी आणि मित्रांनी जे उपाय सांगितले त्यांवर आमचा खरा रोख आहे. ‘विचार करू नकोस.’ ‘मन घट्ट कर.’ ‘त्याचा स्वभावच भित्रा, वडीलही तसेच होते.’ ‘मनाचे श्लोक म्हणत जा.’ समर्थांच्या त्या दोनशे पाच श्लोकांविषयी आमच्या मनात आदरच आहे. ते म्हटल्याने ज्यास शांती लाभते त्याने ते अवश्य म्हणावेत. पण विषमज्वर झालेल्या माणसास आम्ही नुसते श्लोक सांगून स्वस्थ बसत नाही. गीतेचे दाखले देणाऱ्यांनी तर पहिला अध्याय पुन्हा वाचावा. अर्जुनाची गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंगास कापरे भरते, हातचे धनुष्य निसटते. त्याच्या सारथ्याने ‘विचार करू नकोस’ एवढे सांगून घोड्यांस चाबूक मारला नाही. त्याचे सारे ऐकून घेतले आणि पुढचे अध्यायच्या अध्याय त्याच्याशी बोलत बसला. आमच्या घरांत एवढी सवड कोणास नाही, हे मान्य. निदान चाबूक तरी मारू नये.

‘स्वभाव’ हा शब्द तर आम्हांस सर्वांत घातक वाटतो. स्वभावास औषध नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून एखाद्या दुखण्यास स्वभाव म्हटले की औषधाची वाटच बंद होते. वास्तविक मानसिक विकारांत हा उपचारास चांगला दाद देणारा विकार. एक वाट संवादाची. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारात, ज्यास इंग्रजी आद्याक्षरांनी सीबीटी म्हणतात, भय वाटणाऱ्या गोष्टीची पायरी-पायरीने गाठ घालून दिली जाते: आज लिफ्टच्या दारापर्यंत, उद्या आत पाऊल, परवा एक मजला, आणि धडधड सुरू झाली तरी ती आपोआप ओसरेपर्यंत तेथेच थांबावयाचे. याचाच सख्खा शेजारी असलेला अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचार कि. मो. फडके यांनी मराठीत आणून त्यावर ग्रंथ लिहिले, ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली. तेव्हा हे सारे परकीय थेर आहे, आपल्यांत चालत नाही, असे म्हणण्याची सोय मराठी वाचकास तरी उरलेली नाही.

दुसरी वाट औषधाची, आणि येथे आमची मंडळी नेमकी उलटी वागतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन या वर्गातील औषधे चिंताविकारावर प्रथम दिली जातात. त्यांचा गुण दिसावयास दोन ते सहा आठवडे लागतात, आरंभी मळमळ वा किंचित अधिक अस्वस्थता वाटू शकते, त्यांची चटक लागत नाही, मात्र ती डॉक्टरास न विचारता एकदम सोडू नयेत. ‘सवय लागेल’ म्हणून आमचे लोक ही औषधे नाकारतात, अथवा आठ दिवसांत गुण नाही म्हणून टाकून देतात. आणि ज्यांची सवय खरोखर लागते त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मात्र शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, ओळखीच्या केमिस्टाकडून, झोपेची म्हणून वर्षानुवर्षे घेतात. अर्ध्या तासात बरे वाटते खरे. थोड्या दिवसांपुरत्या, डॉक्टराच्या देखरेखीखाली, त्या गोळ्यांना त्यांचे स्थानही आहे. पण पुढे एकीच्या दोन होतात आणि एकाएकी बंद केल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. मार्च २०१४ पासून हे औषध एच-१ या अनुसूचीत आहे. चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही आणि प्रत्येक विक्रीची नोंद दुकानदारास वेगळ्या वहीत ठेवावी लागते. आपल्या टेबलावर एका नोंदीची उणीव राहिली तर ज्या मंडळींचा रक्तदाब वाढतो, ती केमिस्टाच्या त्या वहीत आपले नाव नसल्याचे समाधान मानतात.

मनोविकारतज्ज्ञाकडे न जाण्याचे मूळ आमच्या विनोदात आहे. घरी असताना आम्ही ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणून हसतो. बदलीच्या गावी गेलो की तेथील भाषा शिकण्याआधी तेथील ठाणे शिकतो. उत्तरेत ते आग्रा किंवा रांची असते, हैदराबादेत एर्रगड्डा, मद्रासेकडे किळपाक, कोळिकोडला कुतिरवट्टम. साऱ्या भारताचे ऐक्य आम्हांस याच एका विनोदात पुरते पटते. आणि विपर्यास असा की जेथे उत्तम मदत मिळते त्याच गावांची ही नावे. रांचीची केंद्रीय मनोविकार संस्था १९१८ पासून उभी आहे. तेजपूरची आणि बंगळूरची या केंद्र सरकारच्याच दुसऱ्या दोन. तेथील बाह्यरुग्ण विभागात सकाळी रांगेत बसलेली माणसे पाहिली तर त्यांत शिक्षक असतात, विद्यार्थी असतात, आमच्यासारखे कारकून असतात. तपासून, औषध घेऊन, दुपारच्या गाडीने घरी जातात. विनोदातला साखळदंड तेथे कोणाच्याही पायात नसतो.

लहान गावी नेमणूक असलेल्यांनी आधी जिल्हा रुग्णालय पाहावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे. तज्ज्ञांची संख्या देशात लाखामागे सरासरी एकही नाही, तेव्हा रांग असेल, आठवड्याचा ठरावीक वार असेल, हे गृहीत धरून जावे. दहा ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, अहोरात्र चालते, पैसे पडत नाहीत, आणि ती वीस भाषांत आहे, त्यांत मराठीही आहे. वर ज्या शब्दांची आम्ही यादी दिली ते शब्द जसेच्या तसे वापरून बोलण्याची ही जागा आहे. मरणाचे विचार येत असतील तर त्यांनी तर रांगेची, वाराची वाट न पाहता हा क्रमांक फिरवावा किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

राहिला कचेरीचा प्रश्न, आणि त्यावर आम्ही अधिकाराने बोलू शकतो. २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. कोणास मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याची बुद्धी भ्रष्ट झाली असे मानता येणार नाही, हे त्याच्या तिसऱ्या कलमात आहे. एकविसाव्या कलमाने विमा कंपन्यांस शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांसाठी विमा देणे बंधनकारक केले आहे. तेविसावे कलम रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याविषयी आहे. ज्या मंडळींस रजेचे नियम कलमवार पाठ आहेत, प्रवासभत्त्यातील आठ आणे ज्यांच्या नजरेतून सुटत नाहीत, त्यांनी स्वतःच्या हिताचा हा कायदा कधी उघडूनही पाहू नये याचे आम्हांस वैषम्य वाटते.

परंतु केवळ कायद्याचा जयजयकार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेविसाव्या कलमाचे बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. रजेसाठी दिलेल्या वैद्यकीय दाखल्यावर आजाराचे स्वरूप लिहावे लागते. तो दाखला टपाल शाखेत नोंदला जातो, शिपायाच्या हातून फिरतो, हाताळणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर उघडा पडतो, आणि चहाच्या वेळेपर्यंत मजल्यावर सर्वांस ठाऊक होतो. ‘मधुमेह’ असे लिहिलेले असेल तर कोणी मान वर करीत नाही. ‘चिंताविकार’ लिहिलेले असेल तर कुजबुज, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गृहस्थाशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलणे. हे घडत असता रुग्णास ‘धीट व्हा, उघड सांगा’ असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही. त्याने किती सांगावे हे त्याने ठरवावे. पण आपण किती उघडे टाकावे हे आपल्या हातात आहे.

वार्षिक अहवाल बंद लिफाफ्यात घालून पाठविण्याची रीत आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. तीच रीत वैद्यकीय दाखल्यास लावण्यास नवा नियम करावा लागत नाही, अर्थखात्याची संमती लागत नाही, समितीही नेमावी लागत नाही. या नियतकालिकाच्या वाचकांत अनुभाग अधिकारी व अवर सचिव पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या शाखेत एवढेच सांगावे की कोणताही वैद्यकीय दाखला, मग तो पडशाचा असो की पक्षाघाताचा, बंद पाकिटातून यावा, वर ‘गोपनीय’ लिहावे, तो अधिकाऱ्याने स्वतः उघडावा आणि टिपणीवर ‘वैद्यकीय दाखला पाहिला, रजा मंजूर करण्यास हरकत नाही’ एवढेच शब्द यावेत. पाकिटांचा खर्च कार्यालयीन खर्चाखाली टाकता येतो.